नऊ नग

ग्रामपंचायतीत ऑपरेटर आहे मी.
दिवसातून वीसदा म्हणतो, लिंक नाही, उद्या या.
लोक पिशवी उचलतात, जातात, उद्या येतात.
त्या दिवशी बारा वाजता कंपनीनं
काळा तडाखा विक्रीला सोडला
आणि बारा वाजून अर्ध्या मिनिटानं
पडद्यावर आलं, साठा संपला.
समोर शेवंताबाई धुर्वे दाखल्यासाठी बसलेल्या.
"काय झालं बाबू, कोनी गेलं का?"
"हाव," म्हटलं. "गेलं."

तडाखा म्हणजे वीतभर पुतळा.
गुडघे वाकतात, मान फिरते,
पाठीवरची पाती उघडली की किर्र वाजतं.
लाल आहे माझ्याकडे, निळा आहे,
टीव्हीशेजारी उभे असतात.
बायको त्यांना म्हणते, तुमचे दोन जावई.
वय चौतीस. विचारल्याशिवाय सांगत नाही.

मग वरुडहून प्रफुल्ल जयस्वालचा फोन.
"अख्ख्या तालुक्याले नऊ नग आले.
रविवारी धा वाजता. सांगू नको कोनाले."
हे त्यानं किती जणांना सांगितलं
ते रविवारी पहाटे बसस्टँडमागे कळलं.

पहिले ट्यूशनवाले सर, मफलर बांधून.
दोन नंबरला वीट.
तिसरा मुलताईचा, राज्य ओलांडून आलेला.
पाचवा औषध कंपनीचा एजंट, बॅगेसकट.
सातवा उईक्यांचा पोरगा, पाचवीतला,
चिल्लर कंपासपेटीत, हलला की वाजायचा.
मी अकरावा.
नऊ नगांत अकराव्याचा नंबर लागायचा
तर दोघांना तरी लघवी लागावी लागते.
मी चहा पाजायला तयार होतो,
दोनदा विचारलंही.
कोणीच घेतला नाही. जुने खेळाडू सगळे.

दहाला शटर गुडघ्याएवढं उघडलं.
आणि विटेच्या जागी माणूस उगवला.
प्रफुल्लचा साळा.
विटेनं चार नग नेले.

मग हात वर झाले, सगळ्यांचे,
नोटा धरलेले, रिकामे, एक प्लास्टर बांधलेला.
"भाऊ, इकडे! भाऊ, मी चारपासून आहो!"
जणू जास्त उंच हाताला
दहावा नग फुटणार होता.
"संपले," आतून आवाज आला,
आणि शटर खाली.

कोणी शटरला लाथ घातली.
कोणी प्रफुल्लच्या मायबापाची विचारपूस केली.
माझ्याच तोंडून असे शब्द गेले
की मागे वळून पाहिलं, कोण बोललं.
उईक्यांचा पोरगा तेवढा पायरीवर बसून
चिल्लर मोजत होता, पुन्हा पहिल्यापासून,
जणू कमी भरली म्हणून मिळाला नाही.

साडेसातशेचा नग
संत्र्याच्या रसवंतीपाशी बाविसशेला मिळत होता.
वीट स्वतः विकत होती. ग्लासभर रस फुकट.
मी खिसा चाचपला. खरं सांगतो, चाचपला.
अठराशे निघाले, त्यात गॅस सिलेंडरचे.
वीट म्हणाली, चारशेसाठी काहून अडता?
चारशेसाठीच अडलो. तत्त्वबित्त्व काही नव्हतं.

औषधवाल्यानं तिथंच खोकं फाडलं,
तडाखा शर्टाच्या खिशात खोचला, डोकं बाहेर,
आणि खोकं टाकलं नालीच्या काठावर.
कोणी पाहत नाही बघून मी ते उचललं.
बेनोड्यापर्यंत बसमध्ये मांडीवर होतं.
कंडक्टर म्हणाला, पोरीसाठी का?
मी तिकीट मागितलं.

घरी पोरगी धावत आली, झाकण उघडलं.
आत नुसता पारदर्शक साचा,
त्यात त्याच्या आकाराची पोकळी.
ती काही बोलली नाही.
तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी घेऊन आली,
एक चाक गेलेला,
आणि त्या पोकळीत बसवू लागली.
आडवा घातला. उलटा घातला.
शिंगं बाहेरच.

मग तिनं नंदी बाजूला ठेवला
आणि साच्यावरून बोट फिरवत विचारलं,
"बाबा, याचा एक हात वर काहून हाय?"

मी वाकून पाहिलं.
खरंच वर होता,
आम्ही सगळे करून उभे होतो तसा.